चुलीचा धूर म्हणजे वाया गेलेले सरपण

शेतात कोणते बियाणे पेरावे, खताची मात्रा किती असावी, पाण्याची पाळी केव्हा द्यावी, याचा विचार शेतकरी बारकाईने करतो. घरात रोज जळणाऱ्या सरपणाचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. ज्या कुटुंबास दिवसाकाठी ५ किलो सरपण लागते, त्यास वर्षात १८ क्विंटलांहून अधिक सरपण लागते. एवढे लाकूड कोणी तरी तोडते, डोक्यावरून वाहून आणते, फोडते व रचून ठेवते. बहुतेक घरांत हे काम स्त्रियांच्या वाट्यास येते. आणि ते जाळताना होणारा धूरही त्यांनाच व त्यांच्या कडेवरील मुलांनाच सोसावा लागतो.

मे २०१६ मध्ये प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर स्वयंपाकाचा गॅस कोट्यवधी घरांत पोहोचला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील ४३.२ टक्के कुटुंबेच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरीत असल्याचे आढळून आले. गॅस आलेल्या अनेक घरांतही अंघोळीचे पाणी, भाकरी व जनावरांचे आंबोण यांसाठी चूल पेटते. जेथे गॅस किंवा गोबर गॅस परवडतो तेथे तो वापरणे सर्वांत उत्तम, याबद्दल दुमत नाही. परंतु जेथे चूल पेटणारच आहे, तेथे ती कमीत कमी सरपणात, कमीत कमी धुरात व अपघाताविना कशी चालवावी, हे प्रत्येक घरी माहीत असले पाहिजे.

चुलीचा धूर हा केवळ डोळ्यांना पाणी आणणारा उपद्रव नव्हे. घरातील धुरामुळे लहान मुलांस न्यूमोनिया, मोठ्या माणसांस फुप्फुसांचे दीर्घकाळ चालणारे विकार, हृदयरोग व मोतीबिंदू हे रोग जडण्याचा धोका वाढतो. अशा धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लक्ष माणसे दगावली, व त्यांत पाच वर्षांखालील २ लक्ष ३७ हजारांहून अधिक मुले होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यास्तव चुलीचा प्रश्न हा सरपणाचा आहे, तितकाच आरोग्याचाही आहे. सुदैवाने दोहोंचा उपाय एकच आहे, कारण धूर म्हणजे न जळता निसटून गेलेले सरपणच होय.

धूर कशाने होतो?

लाकूड पेटते असे आपण म्हणतो. वस्तुतः लाकूड तापले म्हणजे प्रथम त्यातील पाण्याची वाफ होऊन जाते. पुढे उष्णतामान २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेले की लाकडातून जळाऊ वायू निघू लागतात. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग या वायूंच्या व वाफांच्या रूपाने बाहेर पडतो व मागे कोळसा उरतो. चुलीतील ज्योत म्हणजे हे वायू जळताना दिसणारा प्रकाश होय.

या वायूंना पुरेशी हवा मिळाली आणि जाळ ६०० अंशांच्या वर तापलेला राहिला, तर ते बहुतांशी जळून जातात व त्यांची उष्णता भांड्यास मिळते. हवा कमी पडली, लाकूड ओले असल्याने जाळ निवला, किंवा ज्योत थंड भांड्याच्या बुडावर लागलीच आपटली, तर तेच वायू अर्धवट जळून धूर व काजळी बनतात. म्हणजे स्वच्छ जाळासाठी तीन गोष्टी लागतात : कोरडे सरपण, मोकळी हवा आणि तापलेला जाळ. पुढील सर्व सूचना या तीन गोष्टींवरच आधारलेल्या आहेत.

पाच लिटर पाण्याचा हिशेब

आपण किती सरपण वाया घालवितो, हे साध्या गणिताने समजते. २५ अंशांचे ५ लिटर पाणी उकळीपर्यंत, म्हणजे १०० अंशांपर्यंत, तापविण्यास ३७५ किलोकॅलरी उष्णता लागते. हवेत चांगल्या वाळलेल्या १ किलो लाकडात सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता असते. ही सर्व उष्णता पाण्यास मिळाली असती, तर अवघ्या ११० ग्रॅम लाकडात काम भागले असते.

प्रत्यक्षात तीन दगडांच्या उघड्या चुलीत उष्णतेपैकी केवळ १० ते १५ टक्के भाग भांड्यास मिळतो. बाकीचा वाऱ्यावर, धुरात व चुलीच्या मातीत जातो. १२ टक्के धरल्यास तेवढ्याच पाण्यास सुमारे ९०० ग्रॅम लाकूड लागते. भारतीय मानक ब्युरोच्या २०१३ च्या मानकानुसार पंख्याविना चालणाऱ्या सुधारित चुलीने किमान २५ टक्के उष्णता भांड्यास दिली पाहिजे; पंख्याच्या चुलीसाठी ही मर्यादा ३५ टक्के आहे. २५ टक्के उष्णता मिळाल्यास सुमारे ४३० ग्रॅम लाकूड पुरते. अर्थात चूल व तिची हाताळणी सुधारली, तर सरपण निम्म्यावर येऊ शकते. मात्र चूल चांगली असली तरी ओले लाकूड व कोंबलेला जाळ यांमुळे हा सर्व लाभ नाहीसा होतो.

सरपणाची तयारी

नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. वखारीतून असे २ क्विंटल लाकूड वजनावर विकत घेतले, तर त्यांतील सुमारे १ क्विंटलाचे पैसे आपण पाण्यासाठी मोजतो. शिवाय ते पाणी घालविण्यातच जाळाची पुष्कळ उष्णता खर्च होते, जाळ निवतो व घर धुराने भरते.

सरपण उन्हाळ्यापूर्वी तोडून फोडून ठेवावे. आखूड व बारीक ढलप्या कडक उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत चांगल्या वाळतात; जाड ओंडक्यांस सहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून आधी फोडणे व मग वाळविणे हा क्रम ठेवावा. ढलप्या दोन ते चार सेंटिमीटर जाडीच्या, म्हणजे अंगठ्याएवढ्या किंवा त्याहून थोड्या जाड, असाव्यात. बारीक सरपणास सर्व बाजूंनी हवा मिळते व जाळ हवा तसा कमीअधिक करता येतो.

सरपणाची रास थेट जमिनीवर रचू नये. खाली दगड किंवा दोन ओंडके ठेवून वर थरांमध्ये फट राहील अशी रचणी करावी. माथ्यावर पत्रा किंवा गवताचे आच्छादन असावे. बाजू मात्र मोकळ्या ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या कागदाने रास सर्व बाजूंनी गुंडाळल्यास आतील ओल कोंडते व लाकडास बुरशी येते. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळा दीर्घ असल्याने चार महिने पुरेल एवढे सरपण मृगापूर्वीच कोरड्या पडवीत आणून ठेवणे आवश्यक आहे.

लाकूड वाळले किंवा नाही, हे ओळखणे अवघड नाही. वाळलेल्या लाकडाच्या टोकांस चिरा पडतात, साल सुटू लागते, हातास ते हलके लागते, व दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद येतो, आणि चुलीत घातल्यावर त्याच्या टोकांतून फेस निघून ते चरचरते.

कोणते जळण वापरावे व कोणते वापरू नये

महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे जळण वापरले जाते. कोकणात झावळ्या, सोडणे व करवंट्या, पश्चिम महाराष्ट्रात उसाचे पाचट व शेणी, तर विदर्भ व मराठवाड्यात पऱ्हाटी व तुराट्या अधिक चालतात. तुराट्या, पाचट व झावळ्या भडकून लवकर जळतात; म्हणून त्या लहान जुड्या बांधून थोड्या थोड्या घालाव्यात. एकदम कोंबल्यास प्रथम धूर होतो व मागाहून ज्वाळा चुलीच्या तोंडातून बाहेर येतात.

पऱ्हाटीविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते व पुढील हंगामात तीच नव्या कपाशीवर येते. म्हणून पऱ्हाटीची गंजी शेताच्या बांधावर पुढील पेरणीपर्यंत ठेवू नये. उरलेली बोंडे तोडून नष्ट करावीत, जळणापुरती पऱ्हाटी पावसाळ्यापूर्वी वापरून संपवावी व उरलेली बारीक तुकडे करून कंपोस्ट खतात घालावी.

गोवऱ्यांचा जाळ मंद असतो, परंतु त्यांचा धूर लाकडापेक्षा अधिक होतो. शिवाय शेण जाळले म्हणजे त्यातील नत्र व सेंद्रिय द्रव्य शेतास मिळत नाही. ज्या घरी चार-पाच मोठी जनावरे आहेत व रोज सुमारे ५० किलो शेण मिळते, तेथे २ घनमीटर क्षमतेचे गोबर गॅस संयंत्र चालू शकते. त्यापासून स्वयंपाकास गॅस मिळतो व शेतास मळीचे खतही मिळते.

प्लॅस्टिकच्या पिशव्या, टायर, रंग दिलेले लाकूड आणि औषध फवारणीचे डबे वा खोकी चुलीत कदापि घालू नयेत. चूल लवकर पेटावी म्हणून प्लॅस्टिक लावण्याची सवय अनेक ठिकाणी पडली आहे. त्याचा धूर विषारी असतो व तो थेट स्वयंपाक करणारीच्या श्वासात जातो. कण्हेरीचे लाकूडही जाळू नये, त्याचा धूर अपायकारक आहे. बिब्ब्याच्या रसाने अंगावर फोड येतात, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याचे लाकूडही सरपणात मिसळू देऊ नये.

चुलीची रचना

निर्धूर चुलीची कल्पना आपल्या देशात नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कार्यातून ‘मगन चूल’ पुढे आली. हैदराबादचे संशोधक डॉ. एस. पी. राजू यांनी धुराविना स्वयंपाकघराचा पुरस्कार करणारी आपली पुस्तिका १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९८३ पासून २००२ पर्यंत सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. महाराष्ट्रात साच्याने घडविलेली ‘लक्ष्मी’ चूल त्याच परंपरेतील आहे. या चुलींची घडण भिन्न असली तरी तत्त्व एकच आहे. जाळ बंदिस्त जागेत ठेवायचा, त्याची ऊब पुढील भांड्याखालून मागील भांड्याखाली न्यायची आणि उरलेला धूर धुराड्यावाटे घराबाहेर काढायचा. आपल्या जुन्या चुलीच्या वैलात हीच युक्ती आहे. फक्त तिला धुराडे नाही.

चूल बांधताना किंवा बांधून घेताना पुढील बाबी पाहाव्यात.

(१) चूल वाऱ्याच्या झोतात, दाराच्या येण्याजाण्याच्या वाटेत किंवा कुडाच्या भिंतीस लागून बांधू नये.

(२) सरपण जमिनीवर न टेकता लोखंडी जाळीवर राहावे. जाळीखाली हवेसाठी मोकळी जागा असावी व तेथील राख रोज काढता यावी.

(३) जाळीपासून भांड्याच्या बुडापर्यंत साधारण एक वीत अंतर असावे. अंतर फार कमी असल्यास ज्योत अर्धवट जळते, फार अधिक असल्यास उष्णता वाया जाते.

(४) भांडे चुलीच्या तोंडावर घट्ट बसावे. फट राहिल्यास तेथून धूर घरात येतो. मागील तोंडावर काही शिजवायचे नसेल, तर तेथे पाण्याचे पातेले ठेवावे; पाणी आपोआप कोमट होते.

(५) धुराड्याचा पाइप १० सेंटिमीटर व्यासाचा, शक्य तितका सरळ व छपराच्या वर किमान २ फूट गेलेला असावा. माथ्यावर पावसापासून रक्षण करणारी टोपी हवी व तळाशी काजळी काढण्यासाठी झाकणाची खिडकी हवी.

(६) गवताच्या किंवा झावळ्यांच्या छपरातून तापलेला पाइप नेऊ नये. तो मातीच्या किंवा विटांच्या भिंतीतून बाहेर काढून छपरापासून दूर ठेवावा. हे शक्य नसल्यास चुलीसाठी पत्र्याची वेगळी पडवी करणे श्रेयस्कर होय. ॲस्बेस्टॉस सिमेंटचा जुना पाइप घरात असल्यास तो कापू, घासू किंवा फोडू नये, कारण त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते.

मातीची चूल बांधल्यावर ती सावलीत पूर्ण वाळू द्यावी व पहिले काही दिवस लहान जाळ करावा. ओल्या चुलीत एकदम मोठा जाळ केल्यास तिला तडे जातात. मातीत किती भुसा व शेण मिसळावे, हे त्या त्या मातीवर अवलंबून असते. म्हणून आधी एक लहानशी वीट थापून वाळवावी व तिला चिरा पडत नाहीत ना, हे पाहावे.

धुराडे लावल्याने एक अडचण येते, असे काही वडीलधारी माणसे सांगतात. धुराने छपराचे वासे किडत नाहीत व चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसे टिकतात. हे म्हणणे निराधार नाही. परंतु बियाणे चांगले वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवूनही टिकविता येते. त्याच्यासाठी माणसांच्या फुप्फुसांस धुरी देणे हा फार महाग सौदा आहे.

रोजची रीत

चूल पेटविताना प्रथम कालची राख काढावी. बारीक वाळक्या काटक्यांचा लहान जाळ करावा व तो धरल्यावर दोन-तीन ढलप्या घालाव्यात. सरपणाची फक्त टोके जळत राहतील अशा रीतीने ते आत सरकवीत जावे. चुलीचे तोंड सरपणाने ठासून भरू नये. वरचा निम्मा भाग हवेसाठी मोकळा ठेवावा. जाळ मंदावला की पुष्कळदा फुंकणी उचलली जाते. परंतु वारंवार फुंकावे लागत असेल, तर सरपण ओले आहे, राख साठली आहे किंवा हवेची वाट बंद झाली आहे, असे समजावे.

पाण्यास उकळी फुटल्यावर कितीही जाळ केला तरी पाणी त्याहून अधिक तापत नाही. फक्त वाफ अधिक होते. म्हणून उकळी येताच एक-दोन ढलप्या बाहेर ओढून जाळ कमी करावा. भांड्यावर झाकण ठेवावे. हरभरा, वाल, मटकी यांसारखी कडधान्ये रात्रभर भिजत घातल्यास लवकर शिजतात. प्रेशर कुकर चुलीवरही चालतो. भात उकळून अर्धामुर्धा शिजला की ते झाकलेले पातेले पेंढा भरलेल्या टोपलीत ठेवून वर जाड गोणपाट घातल्यास तो आपल्याच उष्णतेने शिजतो. असे अन्न त्याच वेळी खावे, दिवसभर तसेच ठेवू नये.

भाकरीसाठी प्रथम चांगला जाळ हवा व शेवटी निखारे हवेत. म्हणून डाळ-भात आधी करून जमलेल्या निखाऱ्यांवर भाकरी फुगविल्यास स्वतंत्र सरपण लागत नाही. स्वयंपाक संपताच ढलप्या ओढून त्यांची टोके राखेत किंवा वाळूत खुपसून विझवावीत. तापलेल्या चुलीवर पाणी ओतू नये. त्याने चूल तडकते व वाफेने हात भाजतो.

निगा नसेल तर चूल व्यर्थ

सुधारित चूल एकदा बांधली म्हणजे काम संपले, हा समज सर्वांत हानिकारक आहे. ओडिशा राज्यात सुमारे २,६०० कुटुंबांची चार वर्षे पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुधारित चूल मिळालेल्या घरांत पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्यांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. परंतु पुढील वर्षांत हा लाभ नाहीसा झाला. चुलींचा वापर अनियमित होता, दुरुस्ती होत नव्हती व दिवसेंदिवस त्या वापरातून जात होत्या. आपल्याकडेही काजळीने बुजलेली धुराडी व मोठे ओंडके बसावेत म्हणून फोडून रुंद केलेली चुलीची तोंडे पाहावयास मिळतात. अशी चूल जुन्या चुलीहून मुळीच सरस राहत नाही.

यास्तव राख रोज काढावी. धुराड्यातील काजळी आठवड्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, लांब काठीस चिंधी किंवा काथ्या बांधून झाडावी. त्या वेळी नाकातोंडावर फडके बांधावे. चुलीस पोतेरे घालताना तडे तपासून मातीने लिंपावेत. परंतु लिंपण्याच्या थरांनी हवेची वाट व धूर जाण्याचा बोगदा अरुंद होत नाही, याकडे लक्ष द्यावे. पावसाळ्यापूर्वी धुराड्याची टोपी व सांधे पाहून घ्यावेत. चुलीच्या तोंडातून धूर परत येऊ लागला, तर प्रथम धुराडे साफ करावे. दहापैकी बहुतेक वेळा दोष तेथेच असतो.

लाकडाची राख शेतास उपयोगी आहे. तिच्यात पालाश व चुना असतो. परंतु युरियासारख्या नत्रखतांत किंवा शेणखतात ती मिसळून ठेवू नये, त्यामुळे नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते. तसेच राख पूर्ण विझल्याविना उकिरड्यावर टाकू नये. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारे तासन्‌तास जिवंत राहतात, व वाऱ्याने ते कडब्याच्या गंजीपर्यंत पोहोचल्यास वर्षाची वैरण जळून जाते.

विस्तवापासून सावधगिरी

चूल पेटविण्यासाठी किंवा मंद जाळ वाढविण्यासाठी रॉकेल, डिझेल वा पेट्रोल ओतू नये. गरम निखाऱ्यांवर पडताच त्याची वाफ होऊन एकदम भडका उडतो. स्वयंपाक करताना पदर कमरेस खोचावा व सुती वस्त्र वापरावे. कृत्रिम धाग्याचे वस्त्र वितळून कातडीस चिकटते. चुलीभोवती तीन फुटांच्या आत वाळके सरपण, गवत किंवा लोंबते कपडे नसावेत. रांगत्या मुलास दूर ठेवण्यासाठी ओट्यावरील चूल किंवा चुलीपुढे आडोसा असणे बरे. गॅसची टाकी असलेल्या खोलीत चूल पेटवू नये. चुलीपाशी मातीने किंवा वाळूने भरलेली एक बादली सदैव ठेवावी.

कोळशाच्या शेगडीचा धोका वेगळा आहे. निखाऱ्यांतून धूर दिसत नाही, तरी कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्यास रंग नाही व वासही नाही. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत शेगडी ठेवून झोपल्यास माणसे झोपेतच दगावतात. थंडीत ऊब घेण्यासाठी, तसेच बाळंतिणीच्या बाजेखाली शेकासाठी शेगडी ठेवण्याची चाल अनेक घरी आहे. बंद खोलीत असे करणे माता व बालक या दोघांच्याही जिवावर बेतू शकते. तान्ह्या बाळास धुरी देणेही अहितकारक आहे. ऊब हवी असल्यास जाड पांघरूण घालावे व बाळास आईच्या अंगाशी धरावे. शेगडीजवळ बसलेल्या माणसाचे डोके दुखू लागले, मळमळले किंवा गुंगी आली, तर त्यास तत्काळ मोकळ्या हवेत आणून वैद्यकीय मदत बोलवावी.

अंगावरील कपड्यांस आग लागल्यास धावू नये. धावल्याने आग भडकते. जमिनीवर लोळावे, किंवा इतरांनी त्या व्यक्तीस जाड सुती गोधडी अथवा घोंगडी लपेटून आग विझवावी व पाणी ओतावे. भाजलेल्या भागावर साधे थंड पाणी २० मिनिटे सोडावे. बर्फ लावू नये. सूज येण्यापूर्वी बांगड्या व अंगठ्या काढाव्यात. कातडीस चिकटलेले कापड ओढू नये व फोड फोडू नयेत. शाई, तेल, हळद, दंतमंजन यांपैकी काहीही न लावता स्वच्छ फडके सैल झाकून रुग्णास आरोग्य केंद्रात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरातील लहानथोर सर्वांस पाठ असावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

चुलीविषयी व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाचा परिणाम अधिक होतो. त्याकरिता तराजू, दोन सारखी पातेली व घड्याळ एवढेच साहित्य पुरे. एकाच प्रकारच्या दोन चुलींवर प्रत्येकी ५ लिटर पाणी ठेवावे. एकीस ओले व जाड, तर दुसरीस वाळके व फोडलेले सरपण द्यावे. दोन्ही सरपणे आधी तोलून घ्यावीत. उकळीस लागलेला वेळ व उरलेले सरपण सर्वांसमक्ष मोजावे. दोन्ही भांड्यांच्या बुडांवरील काजळी हाताने पुसून दाखवावी. पुढील खेपेस झाकण असलेले व नसलेले भांडे, अथवा राखेने भरलेली व साफ केलेली चूल, यांचीही अशीच तुलना करता येईल.

हे प्रात्यक्षिक पुरुषांच्या बैठकीपुरते मर्यादित ठेवू नये. ज्या भगिनी रोज चूल चालवितात, त्यांना आधी त्यांची अडचण विचारावी. भाकरीस जाळ पुरतो का, मोठे पातेले बसते का, सरपण कोण फोडून देतो, हे समजून घेतल्याविना सुचविलेली चूल लवकरच अडगळीत जाते. चूल बांधून झाल्यावर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनी आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर, अशा चार भेटी ठरवाव्यात. प्रत्येक भेटीत धुराडे, राख, तडे व सरपणाची रास या चार गोष्टी पाहाव्यात. दुरुस्तीसाठी गावातीलच एखादा कुंभार, गवंडी किंवा बचत गटातील भगिनी तयार केल्यास बाहेरच्या माणसाची वाट पाहावी लागत नाही. आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका यांचे सहकार्य घेतल्यास धुराच्या व शेगडीच्या धोक्याची माहिती गरोदर माता व बाळंतिणींपर्यंत सहज पोहोचते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, या लेखातील बहुतेक सूचनांस पैसा लागत नाही. सरपण वेळेवर फोडून वाळविणे, चुलीस हवा मिळू देणे, भांड्यावर झाकण ठेवणे व धुराडे साफ राखणे, या गोष्टी घरच्या घरी होण्यासारख्या आहेत. सरपण फोडण्याचे व धुराडे झाडण्याचे काम घरातील पुरुषांनी आपल्याकडे घ्यावे, म्हणजे चुलीचा भार एकट्या गृहिणीवर राहणार नाही. येत्या उन्हाळ्यात पेरणीच्या तयारीबरोबरच सरपणाचीही तयारी करावी. तसे केल्यास पावसाळ्यात घरोघरी कोरडे सरपण असेल, रानातील झाडांवर पडणारी कुऱ्हाड कमी होईल व आपल्या घरातील मुलांना स्वच्छ हवेत श्वास घेता येईल.